वाचकांचे प्रश्न : घरातले उंदीर आणि घरच्यांचे आरोग्य

पाऊस सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत उंदीर-घुशींविषयीची पत्रे इतकी आहेत की या अंकातील सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेक वाचकांनी उंदीर कसे घालवावेत असे विचारले आहे. उंदरांमुळे होणाऱ्या आजारांविषयी मात्र थोड्याच जणांनी विचारले आहे. म्हणून आजारांविषयीची पत्रे आधी घेत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून कोणाचेही नाव दिलेले नाही.

प्रश्न : आमची भातशेती आहे. गेल्या वर्षी आमच्या वाडीतील एक तरुण लेप्टोच्या तापाने आठवड्याभरात गेला. वडील साठीचे असून लावणीला स्वतः उतरतात. उंदरामुळे हा ताप येतो म्हणतात, पण शेतात काम करताना उंदीर तर कोणाला चावत नाही. मग हा आजार होतो कसा आणि ओळखायचा कसा? — एक वाचक, कुडाळ

हा आजार उंदीर चावल्याने नव्हे, तर त्याच्या लघवीने पसरतो. लेप्टोस्पायरा नावाचे, मळसूत्रासारखा पीळ असलेले जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदराला स्वतःला त्यांचा फारसा त्रास होत नाही आणि तो महिनोन्‌महिने लघवीवाटे ते बाहेर टाकत राहतो. गाई-म्हशी, डुकरे आणि कुत्री यांच्या लघवीतूनही हे जिवाणू येऊ शकतात, म्हणून गोठ्यात काम करणाऱ्यांनाही धोका असतो. ऊन आणि कोरडी जमीन या जिवाणूंना मानवत नाही. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र ते आठवडेच्या आठवडे तग धरतात. लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभे राहून पायांची कातडी भिजून पांढरी पडते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, बांधावरच्या गवताने आणि काट्यांनी पोटऱ्यांवर ओरखडे उठतात, आणि या सगळ्या वाटांनी जिवाणू रक्तात शिरतात. डोळ्यांत किंवा तोंडात उडालेल्या गढूळ पाण्यातूनही ते जाऊ शकतात.

संसर्गानंतर साधारणपणे पाच ते चौदा दिवसांत, क्वचित महिन्याभरानेही, थंडी वाजून जोराचा ताप येतो, डोके ठणकते आणि अंग मोडून येते. ही लक्षणे पावसाळ्यातल्या अनेक तापांत असतात. पण पोटऱ्या आणि कंबर असह्य दुखणे, पोटरीला हात लावू न देणे आणि चिपडे न येता दोन्ही डोळे लाल होणे ही चिन्हे दिसली की लेप्टोचा संशय घ्यायलाच हवा. काही रुग्णांचा ताप चार-पाच दिवसांनी उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि मग दुसऱ्या टप्प्यात कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे सुरू होते. फुप्फुसांत रक्तस्राव सुरू झाल्यावर रुग्ण काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. आपल्या वाडीतील तरुणाच्या बाबतीत नेमके काय झाले ते पत्रावरून सांगता येणार नाही. पण ‘साधा ताप आहे, उतरेल’ म्हणून तापाची गोळी घेत तीन-चार दिवस घरी काढणे हे या आजारातील मृत्यूंचे मोठे कारण आहे.

म्हणून माझे आपल्याला कळकळीचे सांगणे असे की, लावणीच्या हंगामात वडिलांना ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि ‘मी चिखलात काम करतो, शेतात उंदीर आहेत’ हे वाक्य डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे. कारण पहिल्या काही दिवसांत रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी निर्दोष येऊ शकते आणि त्या काळात उपचार सुरू करण्याचा निर्णय डॉक्टर बऱ्याच अंशी रुग्णाच्या या माहितीवरच घेतात. लवकर सुरू केले तर साधी प्रतिजैविके पुरतात. तीव्र आजारात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून द्यावे लागते आणि कधी डायलिसिसही करावे लागते. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांचा भार आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडांवर पडतो.

प्रतिबंधाविषयी. गमबूट घालावेत असे प्रत्येक पत्रकात छापलेले असते, पण गुडघाभर चिखलात गमबूट घालून लावणी करणे किती अवघड असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. मग निदान जखमा आणि चिखल्या झाकाव्यात, काम संपल्यावर हातपाय साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि शेतातल्या पाण्याने तोंड धुऊ नये. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत या हंगामात आरोग्य कर्मचारी जोखमीच्या गावांत डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. प्रौढांसाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त सहा आठवडे, असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. ही गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेची जळजळ होते. मात्र ही गोळी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. ती घेऊनही ताप आला तर डॉक्टरांकडे जाण्यात हयगय करू नये.

प्रश्न : मागच्या आठवड्यातील मोठ्या पावसात मुलगी कामावरून गुडघाभर पाण्यातून चालत घरी आली. तिच्या टाचेला खरचटलेले होते. आता तिला काही त्रास नाही. तरी औषध घ्यावे का? — एक आई, कुर्ला, मुंबई

होय, आणि आज न घालवता डॉक्टरांना दाखवावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. गटारे, उकिरडे आणि घुशींची बिळे यांतले सगळे पुराच्या पाण्यात मिसळते, म्हणून पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी फरक पडत नाही. तेव्हापासून महापालिका दर पावसाळ्यात नागरिकांना अशा पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटायला सांगते. जखम नसलेल्या आणि एकदाच पाण्यातून आलेल्या प्रौढाला डॉक्सीसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस, जखम असेल तर रोज एक असा तीन दिवस, आणि वारंवार त्या पाण्यात काम करावे लागणाऱ्यांना आठवड्यातून एकदा सहा आठवडे, अशी तेथील पद्धत आहे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध देत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिन निवडतात. आपल्या मुलीला खरचटलेले होते, म्हणून ती मधल्या गटात मोडते. ७२ तास उलटून गेले असले तरी डॉक्टरांना सर्व सांगावे, आणि पुढचा महिनाभर ताप आला तर त्या पाण्याची आठवण ठेवावी.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. गावचे घर वर्षभर बंद असते आणि गणपतीला उघडतो. माळ्यावर, फडताळात, गाद्यांवर उंदरांच्या लेंड्या असतात. कणगीत थोडे तांदूळही आहेत. झाडून काढले की पुरे, की आणखी काही करावे? — एक गृहिणी, पुणे

कोरड्या केरसुणीने झाडणे हीच नेमकी टाळण्याची गोष्ट आहे. वाळलेल्या लेंड्या आणि लघवीचे कण झाडताना धुळीबरोबर हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत आणि कोरियात, हंता विषाणूंचे गंभीर आजार याच वाटेने होतात. भारतात त्यांचे रुग्ण क्वचितच नोंदले गेले आहेत. पण उंदरांच्या लघवीतील प्रथिनांमुळे दम्याचा त्रास वाढतो, आणि लेंड्यांमधून अन्नात जाणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंमुळे जुलाब-उलट्या होतात.

घर उघडल्यावर दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि अर्धा तास सर्वांनी बाहेर थांबावे. नंतर रबरी हातमोजे घालून आणि नाकतोंड झाकून, एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण लेंड्यांवर भिजेपर्यंत शिंपडावे. पाच-दहा मिनिटांनी फडक्याने किंवा कागदाने सारे टिपून पिशवीत घट्ट बांधावे आणि मग फरशी त्याच पाण्याने पुसावी. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. गाद्या आणि गोधड्या दिवसभर कडक उन्हात टाकाव्यात, अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. गादीच्या आत घरटेच केलेले असेल तर ती गादी टाकून द्यावी.

धान्याविषयी माझे मत कठोर आहे. पीठ, रवा, पोहे, साखर, गूळ, मसाले यांत लेंड्या सापडल्या तर ते निवडत बसू नये, टाकून द्यावे. तांदळात जेथे लेंड्या किंवा लघवीचा वास असेल तो थर आजूबाजूच्या धान्यासह काढून टाकावा. उरलेले तांदूळ निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन नीट शिजवल्याशिवाय वापरू नयेत. अन्न टाकणे जिवावर येते हे मान्य आहे, पण गणपतीच्या दिवसांत घरात लहान मुले आणि वृद्ध जमलेले असताना ही जोखीम घेण्यासारखी नाही.

प्रश्न : सासूबाईंना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी त्यांच्या पायाचे बोट रक्ताळलेले दिसले. रात्री उंदराने कुरतडले असावे, पण त्यांना कळलेच नाही. रेबीजची इंजेक्शने घ्यावीत का? — एक सून, नाशिक

रेबीजपेक्षा ‘कळलेच नाही’ या शब्दांनी मला अधिक काळजी वाटते. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात आणि अशा पायांची बोटे उंदीर झोपेत कुरतडतात तरी माणूस जागा होत नाही. कुष्ठरोगामुळे बधिरता आलेल्या रुग्णांच्या बाबतीतही हे घडते. अशी छोटी दिसणारी जखम मधुमेहात चिघळून बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तंबाखू असे काही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि बहुधा प्रतिजैविकही लागेल. घरातील उंदीर चावल्यावर रेबीजची लस सहसा लागत नाही, परंतु चावणारा प्राणी खरोखर उंदीरच होता का हे कोणी पाहिलेले नाही, म्हणून तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी आणि अंगावर, विशेषतः हातापायांवर पुरळ दिसले तर तो उंदीरदंशाचा ज्वर असू शकतो. तो पेनिसिलिनने बरा होतो, पण उंदीर चावला होता हे डॉक्टरांना कळले तरच त्याचा विचार होतो.

सासूबाईंनी जमिनीवर झोपू नये. पलंगावर मच्छरदाणी लावून ती गादीखाली चारी बाजूंनी खोचावी, झोपण्यापूर्वी हातपाय धुवावेत, उशाशी खाण्याचे काही ठेवू नये आणि रोज सकाळी कोणीतरी त्यांचे तळपाय पाहावेत. तान्ह्या मुलांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी, कारण ओठांना लागलेल्या दुधाच्या वासाने उंदीर त्यांच्यापर्यंत येतात.

प्रश्न : उंदरांसाठी ठेवलेले मलम दीड वर्षाच्या मुलाच्या बोटांना लागलेले दिसले. तोंडात गेले की नाही ठाऊक नाही. त्याला दूध पाजले, एक उलटी झाली, आता तो खेळतो आहे. तरीही दवाखान्यात न्यावे का? — एक वडील, छत्रपती संभाजीनगर

या पत्राला टपालाने वाट पाहायला न लावता त्याच दिवशी दूरध्वनीवरून उत्तर कळवले आहे. इतर पालकांसाठी ते येथे देतो, कारण ‘आता तो खेळतो आहे’ या एका गोष्टीने अनेक घरे फसतात.

नळीतून मिळणाऱ्या उंदीरमारक मलमात पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेल्यावर सुरुवातीला उलट्या होतात, मग एक ते तीन दिवस रुग्ण बरा दिसतो, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. त्यावर उतारा म्हणून एखादे ठरावीक औषध नाही. काही रुग्णांना यकृताचे प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. काळसर भुकटीच्या रूपात मिळणाऱ्या झिंक फॉस्फाइडचा पोटातील आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि तो हृदय व फुप्फुसांवर आघात करतो. ब्रोमाडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. त्यांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, परंतु व्हिटॅमिन के हा त्यावर चांगला उतारा आहे.

म्हणून संशय जरी आला तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि त्या विषाचे वेष्टन बरोबर न्यावे, कारण उपचार त्यावर ठरतात. मुलाला मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, तेल देऊ नये. स्निग्ध पदार्थांबरोबर फॉस्फरस अधिक वेगाने शोषला जातो.

आता जे लिहितो ते विक्रेत्यांना आवडणार नाही. पिवळ्या फॉस्फरसचे मलम आणि धान्यात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात असूच नयेत. या गोळ्यांतून ओलाव्याने फॉस्फिन सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावतात. त्यांची हाताळणी प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तींनीच करायची असते. शिवाय घरात कोणी मनाने खचलेले असेल तर हाताशी विष नसणे त्या माणसाचा जीव वाचवू शकते. अशा व्यक्तीसाठी ‘टेली मानस’ ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

प्रश्न : १९९४ साली आमच्या जिल्ह्यात प्लेग आला तेव्हा मी शाळकरी होतो. परवा अंगणात दोन उंदीर मरून पडलेले पाहिले आणि झोप उडाली. आजही तो धोका आहे का? — एक शिक्षक, बीड

आपली भीती अनाठायी नाही, पण दोन मेलेल्या उंदरांवरून प्लेगचा अर्थ काढता येत नाही. शेजारी कोणी विष ठेवले असेल, तरी उंदीर असेच मरतात.

प्लेगचे जिवाणू उंदरांच्या अंगावरील पिसवा वाहून नेतात. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की पिसवा दुसरे उबदार शरीर शोधतात आणि माणसाला चावतात. मुंबईत १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा आजार ओळखला; पुढच्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात गेल्या. पिसवांचा संबंध तेव्हा सिद्ध झालेला नव्हता, पण ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या हे लोकांनी अनुभवाने जाणले होते आणि ते योग्यच होते. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी पिसवांचा उपद्रव वाढला आणि मग जांघेत, काखेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर रिकाम्या घरांत साठलेल्या धान्यावर उंदीर वाढले, असा त्या वेळी निष्कर्ष मांडला गेला. नंतर २००२ साली हिमाचल प्रदेशात आणि २००४ साली उत्तराखंडात छोटे उद्रेक झाले.

काही दिवसांच्या आत, विष न ठेवता, एकाच वस्तीत अनेक उंदीर मरू लागले तर मात्र आरोग्य विभागाला लगेच कळवावे. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने उचलू नये; आधी त्यावर कीटकनाशक फवारावे, म्हणजे पिसवा मरतात. प्लेगची शंका असलेल्या वस्तीत आधी पिसवा आणि नंतर उंदीर, हाच क्रम पाळायचा असतो. वेळेत उपचार मिळाले तर प्लेग आज प्रतिजैविकांनी बरा होतो.

प्रश्न : आमच्याकडे चिचुंद्र्याही फिरतात. त्याही उंदरांइतक्याच घातक का? आणि उंदरांमागे साप येतात हे खरे आहे का? — एक वाचक, सांगली जिल्हा

चिचुंद्री उंदरांच्या कुळातील नाही. ती मुख्यतः झुरळे आणि किडे खाते. तरीही तिला हाताने धरू नये आणि तिची विष्ठा वर सांगितल्याप्रमाणेच साफ करावी. सापांविषयीचे म्हणणे अगदी खरे आहे. नाग आणि घोणस उंदरांच्या मागे घरात, गोठ्यात आणि सरपणाच्या ढिगात येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून सरपण आणि कडब्याच्या गंजी घराच्या भिंतीला टेकवून रचू नयेत, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे आणि अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडू नये.

प्रश्न : आमच्या इमारतीत दर वर्षी विष ठेवतात, महिनाभर बरे वाटते आणि पुन्हा तेच. कायमचा उपाय कोणता? — गृहनिर्माण संस्थेचे एक सचिव, ठाणे

उंदराच्या मादीला साधारण तीन आठवड्यांत पिले होतात आणि काही महिन्यांत ती पिलेही वीत असतात. अन्न आणि आसरा जागच्या जागी असेल तर विषाने मोकळी झालेली जागा लवकरच भरते. संस्थेने विषावरचा खर्च आधी भोके बुजवण्यावर करावा. छोटा उंदीर सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतून आणि मोठा बारा मिलिमीटरच्या फटीतून आत शिरतो. नळांच्या आणि केबलच्या भोवतालची भोके तारेच्या घासणीचे गोळे दाबून वरून सिमेंटने बुजवावीत. नुसते कापड, थर्माकोल किंवा फोम ते कुरतडतात. मोऱ्यांना आणि डक्टला लोखंडी जाळी, दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी, आणि झाकण असलेले कचऱ्याचे डबे हवेत. ओला कचरा रात्री जिन्यात ठेवण्याची पद्धत संस्थेने बंद करावी. कुत्र्या-मांजरांसाठी ठेवलेले उरलेले अन्न सायंकाळीच उचलावे. कुत्रे पाळणाऱ्यांनी त्याला दर वर्षी लेप्टोची लस द्यावी.

त्यानंतर उरलेल्या उंदरांसाठी चाप किंवा पिंजरे लावावेत. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर तडफडताना लघवी आणि विष्ठा टाकत राहतो, म्हणून आरोग्याच्या दृष्टीनेही ते नकोत. पिंजरा हाताळताना हातमोजे घालावेत आणि प्रत्येक वेळी तो ब्लीचच्या पाण्याने धुवावा. पकडलेला उंदीर पलीकडच्या गल्लीत सोडणे म्हणजे आपला आजार शेजाऱ्याच्या दारी नेणे होय. त्यासाठी महापालिकेच्या संबंधित विभागाला लेखी अर्ज करावा. मुंबईत कीटकनाशक विभाग या कामासाठी रात्रपाळीचे कर्मचारीही नेमतो. हे सारे काम सर्व मजल्यांवर आणि तळमजल्यावरील दुकानांत एकाच आठवड्यात करावे, कारण एक जरी गाळा सुटला तरी उंदीर तेथे सरकतात आणि काम संपले की परततात.